रोमान्तिकेची वर्दी : शाळकरी मुलांतील गोवराचा प्रसार आणि वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

माघ-फाल्गुनाच्या सुमारास आपल्या चिकित्सालयांत ताप, सर्दी, खोकला आणि लाल डोळे घेऊन येणाऱ्या मुलांची संख्या वाढते, हा आपणां सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. त्यांपैकी बहुतेकांना ऋतुबदलाचा साधा प्रतिश्याय असतो. परंतु एखाद्या मुलाच्या कानामागे तिसऱ्या-चौथ्या दिवशी लालसर पुरळ उमटते आणि आई विचारते, "उष्णता उठलीय का गोवर म्हणायचा?" त्या क्षणी वैद्यापुढे दोन कामे उभी राहतात. पहिले काम त्या मुलाच्या चिकित्सेचे. ते आपण सारेच आपापल्या परंपरेने करतो. दुसरे काम त्याच्या वर्गातील, घरातील आणि वस्तीतील मुलांसाठीचे. ते मात्र बहुधा राहून जाते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या कामाविषयी आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : "पुरळ जाईपर्यंत शाळेत पाठवू नका" हा सल्ला आवश्यक आहे, पण एकटा अपुरा आहे. त्याच दिवशी आरोग्य केंद्रास वर्दी गेली नाही, तर रोग शाळेतून निघून घरात जाऊन बसतो; आणि तेथे त्याला शाळकरी मुलापेक्षा कितीतरी दुबळे शरीर सापडते.

रोमान्तिका : शास्त्राने काय टिपले

माधवनिदानात मसूरिकेच्या अध्यायात रोमान्तिकेचे वर्णन येते. ती कफपित्तजन्य आहे, रोमकूपांच्या ठिकाणी बारीक लालसर उंचवटे येतात, सोबत कास व अरोचक असतो आणि ज्वर आधी येऊन पुरळ मागाहून येते, हा क्रम तेथे स्पष्ट नोंदवलेला आहे. ज्वरपूर्वकता हे लक्षण ग्रंथकारांनी मुद्दाम सांगितले आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील कुष्ठनिदानाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांचा प्रसिद्ध उल्लेख आहे. एकत्र वावर, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर निजणे, दुसऱ्याची वस्त्रे वापरणे यांमुळे कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद यांसारखे रोग माणसाकडून माणसाकडे जातात, असे तेथे म्हटले आहे. यातील निःश्वास हा शब्द गोवराच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरतो. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून बाहेर पडलेला विषाणू बंद खोलीच्या हवेत सुमारे २ तासांपर्यंत टिकू शकतो. रुग्ण उठून गेल्यानंतर त्या खोलीत आलेल्या मुलालाही तो गाठतो. प्रतिकारशक्ती नसलेली १० मुले रुग्णाच्या निकट सहवासात आली, तर त्यांपैकी सुमारे ९ जणांना गोवर होतो. एवढा वेगाने पसरणारा रोग आपल्या नित्याच्या व्यवहारात दुसरा क्वचितच असेल.

पूर्वरूपातच प्रसार

निदानपंचकात पूर्वरूपाला स्वतंत्र स्थान आहे, आणि गोवराच्या प्रसाराचे सारे मर्म या पूर्वरूपातच आहे. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून सुमारे १० दिवसांनी ताप येतो व सुमारे १४ दिवसांनी पुरळ उमटते. हा काळ ७ ते २१ दिवसांपर्यंत मागेपुढे होऊ शकतो. पुरळ उमटण्याच्या ४ दिवस आधीपासून ते पुरळ उमटल्यानंतर ४ दिवसांपर्यंत रुग्ण इतरांना रोग देऊ शकतो. म्हणजे आईला गोवराची शंका येण्यापूर्वीच मूल ३-४ दिवस रोग पसरवत वर्गात बसलेले असते.

देवी आणि गोवर यांतील महत्त्वाचा फरक येथेच आहे. देवीचा रुग्ण मुख्यतः पुरळ येऊ लागल्यानंतर संसर्गजन्य होत असे. त्यामुळे अंगावर फोड दिसताच रुग्णाला वेगळे ठेवणे, दारावर कडुलिंबाचे डहाळे लावणे, पाहुण्याने उंबरठा न ओलांडणे या जुन्या रीतींचा देवीपुरता खरा उपयोग होता. भारतातील देवीचे निर्मूलन १९७५ साली साध्य झाले, त्यामागे रुग्णाचा शोध घेऊन त्याच्याभोवती लसीकरणाचे कडे उभारण्याची पद्धत होती. रुग्णाची खबर देणाऱ्यास तेव्हा रोख बक्षीसही जाहीर केले जाई. गोवराच्या बाबतीत लोकांनी देवीचीच रीत पुढे चालवली, पण येथे पुरळ दिसण्याची वाट पाहिली की उशीर झालेलाच असतो. म्हणून रुग्णाला वेगळे ठेवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तो कोणाकोणाच्या सहवासात येऊन गेला हे तातडीने शोधण्याला आहे.

या कालक्रमाचा पहिला नीट अभ्यास १८४६ साली झाला. फेरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या तरुण वैद्याला तेथे पाठवले. त्या बेटांवर ६५ वर्षे गोवर आला नव्हता. सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी अदमासे ६,००० लोक आजारी पडले. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता ते वृद्ध मात्र पुन्हा आजारी पडले नाहीत. एकमेकांपासून दूर असलेल्या खेड्यांत कोण कोणास कधी भेटले याच्या तारखा जुळवून पानुम यांनी संसर्ग व पुरळ यांतील सुमारे १४ दिवसांचे अंतर दाखवून दिले. ज्या वस्त्यांनी वेळीच ये-जा थांबवली त्यांपैकी काही वाचल्या, हेही त्यांनी नोंदवले. प्रयोगशाळा हाताशी नसताना केवळ प्रश्न विचारून आणि तारखा टिपून एका वैद्याने हे साधले, हे ग्रामीण वैद्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आठवड्याचे गणित

हे गणित एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, दुसरीतील एका मुलाला महिन्याच्या १ तारखेस, सोमवारी, अंगात कणकण व सर्दी सुरू झाली. सोमवार, मंगळवार, बुधवार ते शाळेत गेले. गुरुवारी, ४ तारखेस, पुरळ दिसले आणि आईने त्याला आपल्याकडे आणले.

संसर्गाचा काळ रविवारपासूनच सुरू झालेला आहे. वर्गातील ज्या मुलांचे लसीकरण झालेले नाही त्यांना सहवासानंतर ७२ तासांच्या आत लस मिळाली तर रोग टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते. सोमवारी सहवासात आलेल्यांसाठी ही मुदत गुरुवारी संपते. बुधवारी प्रथम सहवासात आलेल्यांसाठी शनिवारी. म्हणजे गुरुवारीच वर्दी गेली तर शुक्रवार-शनिवारच्या लसीकरणातून काही मुले वाचू शकतात. "चार दिवस औषध घ्या, मग पाहू" म्हणून आपण सोमवारपर्यंत थांबलो, तर ही संधी सर्वांसाठीच निघून जाते.

मुदत उलटली म्हणून वर्दी देण्यात अर्थ नाही, असे मात्र समजू नये. या मुलापासून ज्यांना लागण झाली त्यांना अदमासे ११ ते १३ तारखेच्या दरम्यान ताप येईल व १५ ते १७ च्या दरम्यान पुरळ. रोगाची ही दुसरी पिढी. मधल्या सुमारे आठवड्याच्या अवकाशात शाळेतील व वस्तीतील उरलेल्या मुलांचे लसीकरण झाले, तर तिसरी पिढी रोखता येते. तसेच मुख्याध्यापकांना ८ तारखेपासूनच सांगून ठेवता येते की त्या वर्गातील कोणत्याही मुलाला ताप व खोकला दिसला तर पुरळाची वाट न पाहता त्यास घरी ठेवावे. पूर्वरूपातच मूल शाळेबाहेर राहील, असा हा एकमेव मार्ग आहे आणि तो पहिल्या रुग्णाच्या वर्दीतूनच उघडतो.

शाळेपासून दूर ठेवण्याची मुदत ठरवताना पुरळ उमटले तो दिवस शून्य धरावा व त्यापुढील पूर्ण ४ दिवस मोजावेत. आपल्या उदाहरणात ८ तारखेपर्यंत घरी, ९ पासून शाळा. ताप उतरला नसेल किंवा उपद्रव असतील तर अर्थातच अधिक काळ. पुरळाचे काळपट डाग व त्वचेचा कोंडा त्यानंतरही काही दिवस राहतो. पण तो संसर्गजन्य नसतो. डाग दिसतात म्हणून मुलाला महिनाभर शाळेबाहेर ठेवणे अनावश्यक आहे. संपूर्ण शाळा बंद करण्यानेही फारसे साधत नाही. सुप्तकालात असलेली मुले गल्लीत एकत्र खेळतच राहतात, त्यांच्यावर शिक्षकांची नजर राहत नाही आणि दुपारचा आहार बुडतो तो वेगळाच.

शिरूर व दौंडची परिस्थिती

भीमेच्या दोन तीरांवर वसलेले शिरूर व दौंड हे तालुके गोवराच्या दृष्टीने सारखेच नाजूक आहेत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव गणपती, कारेगाव हा पट्टा आणि दौंडकडील कुरकुंभ हे औद्योगिक भाग आहेत. तेथे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात व काम बदलले की घरही बदलतात. पाटस, आलेगाव, पाटेठाण येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात. राहू-केडगाव परिसरातील गुऱ्हाळांवर आणि जागोजागच्या वीटभट्ट्यांवरही बाहेरगावची कुटुंबे असतात. दौंड हे तर मनमाड, सोलापूर, पुणे व बारामतीकडील लोहमार्ग जोडणारे जंक्शन आहे.

ऊसतोडीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चच्या आगेमागे संपतो. गोवराचा जोर हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंतात असतो. दोहोंची गाठ पडते. कोयत्यावर आलेल्या जोडप्याचे बाळ नऊ महिन्यांचे होते तेव्हा लसीकरणाचे कार्ड गावी राहिलेले असते आणि अड्ड्यावरची कोपी कोणत्या अंगणवाडीच्या हद्दीत येते हे आईला ठाऊक नसते. मोठे भावंड जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जात असेल, तर रोगाला शाळा व कोपी यांमधला पूल मिळतो.

येथेच आमच्या मूळ प्रतिपादनाचा गाभा आहे. गोवर झालेल्या आठ वर्षांच्या मुलाला आपण "घरी ठेवा" सांगतो. त्याचे घर म्हणजे दहा फुटांची खोली किंवा पाचटाची कोपी. आई-बाप फडात गेले की त्याच मुलाच्या मांडीवर सात महिन्यांचे तान्हे भावंड असते. लसीच्या वयाला ते पोहोचलेले नसते, आणि आईकडून मिळालेले संरक्षण ओसरू लागलेले असते. आठ वर्षांचे मूल बहुधा बरे होते. तान्ह्या, कुपोषित बाळास मात्र फुप्फुसदाह, अतिसार, कर्णपाक, डोळ्याच्या बुबुळास व्रण होऊन अंधत्व, क्वचित मस्तिष्कशोथ असे दारुण उपद्रव होतात. वर्दी न देता केवळ घरी ठेवण्याचा सल्ला दिला, तर शाळा वाचवण्याच्या प्रयत्नात आपण पाळण्यातले मूल धोक्यात घालतो. वर्दी गेली तर आशा स्वयंसेविका व परिचारिका त्या घरी पोहोचतात, भावंडांची कार्डे पाहतात, लस व जीवनसत्त्व अ देतात आणि बाळावर लक्ष ठेवतात.

२०२२ चा धडा

ही भीती काल्पनिक नाही. २०२० व २०२१ मधील कोविडच्या काळात नियमित लसीकरणात खंड पडला. २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक उघडकीस आला आणि पुढील काही आठवड्यांत मालेगाव, भिवंडी आदी शहरांत तो दिसू लागला. डिसेंबरच्या आरंभी आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी-चिंचवडमधील कुदळवाडीत, उद्रेक झाला. राज्यात बालमृत्यूही झाले. राज्य शासनाने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. उद्रेकाच्या भागात ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांना एक जादा मात्रा द्यावी, आणि जेथे ९ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असेल तेथे ६ महिन्यांपासूनच्या बालकांनाही मात्रा द्यावी, असा सल्ला केंद्र शासनाने दिला. दाट वस्ती, स्थलांतरित कुटुंबे, अर्धवट लसीकरण ही तेथील कारणे. त्यांपैकी एकही आपल्या दोन तालुक्यांस परके नाही.

त्या काळात जन्मलेली मुले आता शाळेच्या पहिल्या इयत्तांत येत आहेत. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षे वयोगटासाठी गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. तिचा लाभ या मुलांना मिळालेला नाही. नियमित वेळापत्रकात पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर १२ महिन्यांपर्यंत व दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. चुकल्यास ५ वर्षांपर्यंत ती देता येते. नवव्या महिन्यातील एका मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांत संरक्षण निर्माण होते. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सर्वांनी केवळ पहिली मात्रा घेतली असेल, तरी सुमारे ६ मुले उघडी राहतात. दुसरी मात्रा या सहा जणांसाठी आहे. साथ पूर्ण थांबवायची तर दोन्ही मात्रांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर असावे लागते.

वैद्याने काय करावे

निदानाबद्दल प्रथम. तीव्र ताप, त्यासोबत खोकला, नासास्राव किंवा लाल पाणावलेले डोळे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागे व केसांच्या रेषेपाशी सुरू होऊन चेहरा, धड, मग हातपाय या क्रमाने उतरणारे, पाणी न धरणारे पुरळ, हे गोवराचे चित्र. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. हात फिरवल्यास खरखर जाणवते. पुरळापूर्वी एक-दोन दिवस गालाच्या आतील बाजूस, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. १८९६ साली कोप्लिक यांनी वर्णिलेले हे चिन्ह पाहण्यासाठी बॅटरीच्या उजेडात तोंड तपासण्याची सवय ठेवावी. कांजिण्यांत फोड पाणी धरतात. रुबेलात ताप सौम्य व कानामागील गाठी सुजलेल्या असतात. डेंग्यू आणि औषधांनी उठणारे पित्त यांचाही विचार करावा.

परंतु वर्दीसाठी पक्के निदान लागत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात आता ताप आणि पुरळ एवढी दोनच लक्षणे संशयित रुग्ण म्हणून नोंदवण्यास पुरेशी मानली जातात. रक्ताचा नमुना घेणे व तो प्रयोगशाळेत पाठवणे हे आरोग्य केंद्राचे काम आहे. पुढे तो गोवर नाही असे ठरले तर आपली चूक झाली असे नव्हे. उलट अशा नकारार्थी नोंदींवरूनच परिसरात नजर जागती असल्याचे कळते. दुसरा रुग्ण येईपर्यंत थांबणे मात्र चूक आहे.

वर्दी त्याच दिवशी, शक्यतो मूल चिकित्सालयात असतानाच, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दूरध्वनीवरून द्यावी. ते न मिळाल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयास. नदीच्या एका तीरावरील वैद्याकडे दुसऱ्या तीरावरील रुग्ण येतात; म्हणून मूल जेथे राहते त्या केंद्रास कळवावे, आपले चिकित्सालय ज्या केंद्राच्या हद्दीत आहे तेवढ्यालाच नव्हे. कळवायच्या गोष्टी मोजक्याच आहेत : मुलाचे नाव, वय व राहण्याचे ठिकाण; ताप व पुरळ सुरू झाल्याच्या तारखा; शाळा, इयत्ता व शेवटचा हजेरीचा दिवस; लसीच्या मात्रा, कार्ड पाहून की केवळ आईच्या सांगण्यावरून; घरातील ५ वर्षांखालील मुले व गर्भवती; आणि मागील तीन आठवड्यांतील प्रवास. टोळीतील कुटुंब असेल तर मुकादमाचा भ्रमणध्वनी क्रमांक अवश्य घ्यावा, कारण फड संपला की टोळी पुढे सरकते आणि पत्ता निरर्थक होतो.

चिकित्सालय हेच प्रसाराचे ठिकाण होऊ नये याची काळजी तितकीच महत्त्वाची आहे. ताप व पुरळ असलेल्या मुलाला प्रतीक्षागृहात बसवू नये. ओट्यावर किंवा अंगणात तपासावे व दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पुष्य नक्षत्राच्या दिवशी अनेक सभासद सुवर्णप्राशनाची शिबिरे घेतात. अशा दिवशी एका खोलीत शंभर बालके जमतात, तेव्हा ताप-खोकला असलेले मूल दारातच वेगळे करावे. काश्यपसंहितेत वर्णिलेल्या या लेहनाबद्दल आपणां सर्वांस आदर आहे. तथापि ते गोवराच्या लसीची जागा घेत नाही, हे पालकांस निःसंदिग्ध शब्दांत सांगणे आपले कर्तव्य आहे. शिबिराच्या वहीतच लसीच्या दोन मात्रांचा रकाना आखला, तर चुकलेली मुले शोधण्याचे ते उत्तम साधन होईल.

चिकित्सेविषयी दोनच सूचना. पुरळ "दाबण्यासाठी" स्टेरॉइडची सुई देण्याची जी वाईट चाल कोठे कोठे दिसते, ती सर्वथा टाळावी. तसेच गोवरात अन्न तोडण्याची घरगुती पद्धत मोडावी. लघु, पोषक आहार, भरपूर पाणी व तान्ह्यास स्तनपान चालूच ठेवावे. जीवनसत्त्व अ लागोपाठ दोन दिवस देतात : ६ महिन्यांखाली ५० हजार, ६ ते ११ महिने १ लाख, १२ महिने व पुढे २ लाख आंतरराष्ट्रीय एकके. ते आरोग्य केंद्रामार्फत मिळते, हेही वर्दीचे एक प्रत्यक्ष फळ. श्वास जलद होणे, छातीत खड्डा पडणे, आकडी, गुंगी, स्तनपान न करणे, डोळ्यात पांढरेपणा येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांची नजर

पुष्कळदा वैद्याच्याही आधी पालक औषधाच्या दुकानात जातात. एकाच वस्तीतून आठवड्यात तीन-चार जण मुलांच्या तापाचे पातळ औषध आणि अंगाला लावायचे कॅलामाइन मागू लागले, तर त्यातून दुकानदाराला जे दिसते ते कोणत्याही अधिकाऱ्यास दिसत नाही. "पुरळ कोणाला उठले? किती दिवस ताप? शाळा कोणती?" हे तीन प्रश्न विचारून गल्ल्याजवळच्या वहीत एक ओळ लिहावी आणि जवळच्या वैद्यास किंवा आरोग्य केंद्रास कळवावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, स्वतःहून प्रतिजैविके देऊ नयेत व मूल दुकानात आणू नये असे सांगावे.

वर्दी आणि विश्वास

वर्दी म्हटले की पालक बिचकतात. त्याला इतिहास आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी घरझडती व सक्तीच्या छावण्या यांमुळे लोकांनी रुग्ण लपवले. त्याच वर्षी साथरोग प्रतिबंधक कायदा आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत, मार्चमध्ये, सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना प्लेगनेच गेल्या. आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, हडपसरच्या माळावरील दवाखान्यात त्या रुग्ण नेत असत. तेथे रुग्ण गेले ते शिपायाच्या धाकाने नव्हे, सेवेच्या भरवशाने. एकाच रोगापासून समाजाचे रक्षण करण्याच्या या दोन रीती होत्या. २०२० मध्ये हातावर शिक्के मारून घेतलेल्या कुटुंबांच्या मनातही ती जुनी धास्ती पुन्हा जागी झाली.

म्हणून वर्दी देण्यापूर्वी आईला सांगावे की कोणी मुलाला उचलून नेणार नाही, आशाताई घरी येईल, बाळाला डोस मिळेल. मुलाचे नाव वैद्यकीय अधिकाऱ्यांखेरीज कोणासही देऊ नये. गावच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नाही. मुख्याध्यापकांशी बोलताना मुलाची हजेरी व आहार बुडू नये, शिधा घरी पोचावा, अशी विनंती करावी. घरी ठेवणे ही शिक्षा वाटली की पुढचा पालक पुरळ बाहीखाली झाकून मुलाला शाळेत पाठवतो.

समारोप

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत २०१३ पासून आयुष वैद्य व औषधनिर्माते शाळा-अंगणवाड्यांतून मुले तपासत आहेत. शाळेतील मुलांचे आरोग्य हे आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे काम आहे, असे आता कोणी म्हणू शकत नाही. शिरूर व दौंड तालुक्यांतील सभासदांस आमची विनंती आहे की हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या परिसरातील आरोग्य केंद्र, आशा स्वयंसेविका व दोन-तीन शाळांचे मुख्याध्यापक यांचे क्रमांक लिहून मेजावरील काचेखाली ठेवावेत. कानामागे पुरळ घेऊन मूल समोर येईल त्या दिवशी ते शोधण्यात वेळ जाऊ नये. औषधाची पुडी बांधून होण्याआधी तो एक दूरध्वनी झालेला असावा. कोपीतल्या तान्ह्यासाठी तोच चिकित्सेचा पहिला भाग आहे.